पाठराखिणीची पाठवणी

कंपनीच्या अहवालात 'प्रतिकूल परिणाम' असा एक रकाना असतो. त्यात मी 'काही नाही' असं लिहून सही केली. अगदीच खोटं लिहिलं असं नाही. जे झालं ते त्या रकान्यात मावणारं नव्हतं, आणि मावलं असतं तरी ते वाचून कुणीतरी माझंच डोकं तपासायला सांगितलं असतं. म्हणून ते इथं लिहिते आहे.

मी शांतला मगदूम. जयसिंगपूरच्या बाराव्या गल्लीत माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे आणि बावीस वर्षं मी लोकांच्या कंबरा बघते आहे. बाजारात कुणी पाठमोरं उभं असलं तर मी आधी नाव घेते, मग ते माणूस वळतं. मला गोड बोलता येत नाही, ही माझ्याविषयीची जुनी तक्रार आहे. बाहेर बाकावर सहा जण ताटकळलेले असताना कुणालाच गोड बोलता येणार नाही, हे माझं त्यावरचं तितकंच जुनं उत्तर.

शिवलिंग तारदाळे माझ्याकडे आले तेव्हा चौपन्न वर्षांचे होते. साड्यांच्या दुकानात सेल्समन. गादीवर मांडी घालून बसायचं, कंबरेतून वळून मागच्या फळीवरची घडी काढायची, एका झटक्यात ती समोर उलगडायची आणि पुन्हा मागे वळायचं. हे दिवसाला दोनशे वेळा, एकतीस वर्षं. दुकानात एव्हाना ते नवे आरसे आले होते. बाई समोर उभी राहिली की आरसाच तिला साडी नेसवून दाखवतो. पण गावच्या बायका आरशासमोर हौस भागवून घेत आणि मग तारदाळ्यांच्या गादीपुढे येऊन बसत. त्यांनी उलगडलेली साडी बघितल्याशिवाय त्यांचं मन भरत नसे.

पाच वर्षांपूर्वी त्यांची कंबर धरली ती सुटलीच नाही. सगळे फोटो काढून झाले, सुया झाल्या, पट्टे झाले. मणक्यात एवढं दुखण्यासारखं काहीच दिसत नव्हतं.

"म्हणजे मी नाटक करतोय का मॅडम?" त्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं. हा प्रश्न त्यांना आधी बऱ्याच जणांनी न बोलता विचारलेला होता, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं.

"नाटक नाही," मी म्हटलं. "जखम भरून आली, पण धोक्याची घंटा वाजायची थांबली नाही. मेंदूला तिची सवय लागलीय."

हे मी शेकडो पेशंटना सांगितलं आहे, आणि ते खरंच आहे. ती घंटा बंद करायची तार मेंदूच्याच हातात असते. ती तार मणक्यातून खाली उतरते आणि वर येणारी कळ वाटेतच अडवते. औषधानं ती थोडी ओढली जाते, व्यायामानं आणखी थोडी. सगळ्यात जास्त ओढली जाते ती ज्याच्यावर विश्वास आहे असं माणूस जवळ असलं की. आम्हा लोकांना हे आधीपासून माहीत होतं. तेच व्यायाम, तेच दाब, पण एकीच्या हाताला गुण येतो आणि दुसरीच्या येत नाही. पुढे पेशंट आणि फिजिओ दोघांच्याही डोक्याला पट्ट्या बांधून मोजमाप झालं. जिथं गुण येत होता तिथं उपचार चालू असताना दोन मेंदूंच्या लहरी एका लयीत येत होत्या.

मग एका कंपनीनं ही पट्टी काढली, आणि ती पेशंटवर वापरून अहवाल पाठवायचं काम माझ्यासारख्या काही फिजिओंकडे आलं. कानाच्या वर, थोडं मागे, मेंदूचा असा एक भाग आहे जो 'मी इथं संपतो आणि दुसरा तिथं सुरू होतो' हे ठरवतो. त्याला अगदी सौम्य विद्युत स्पर्श केला की माणसाला वाटतं, आपल्या मागे कुणीतरी उभं आहे. दिसत काहीच नाही; नुसतं असणं जाणवतं. कंपनीनं या जाणिवेला फिजिओचा साचा दिला. बारा बैठकींत आम्ही दोघांनी पट्ट्या बांधायच्या. त्यांतले लयीत आलेले क्षण यंत्र निवडून घेई आणि बाकीचे टाकून देई. पुढे पंचेचाळीस दिवस पेशंटनं ती पट्टी घरी वापरायची. कळ उठली की पट्टी त्याच्या मागे फिजिओला उभं करी. दर आठवड्याला तिचा जोर आपोआप कमी होई, आणि शेवटी मेंदू एकट्यानं तार ओढायला शिके.

माहितीपुस्तिकेत एक सूचना ठळक अक्षरांत होती. या जाणिवेला नाव देऊ नये, तिचा उल्लेख व्यक्ती म्हणून करू नये.

तेराव्या बैठकीला तारदाळे पट्टी हातात घेऊन बसून राहिले. "म्हणजे तुम्ही माझ्या मागं उभ्या राहणार? घरी पण? मंडळी काय म्हणतील?"

बाहेर बाक भरलेला होता. मी म्हटलं, "पाठराखीण समजा. नवी नवरी सासरी जाते तेव्हा तिच्या सोबतीला जाते ना, तशी. नवरी रुळली की ती परत."

ते हसले. कपाळावरची आठी गेली, पट्टी डोक्याला चढली. आपल्याला वेळेवर काय छान शब्द सुचला, म्हणून मी दिवसभर खुशीत होते.

दहाव्या दिवशी ते चालत आले. रिक्षा नाही, काठी नाही. दहापैकी आठवर असलेलं दुखणं दोनवर आलं होतं आणि आदल्या दिवशी ते तासभर गादीवर बसले होते.

"त्या असतात ना मागं," ते म्हणाले.

"कोण?"

"तुम्हीच की. म्हणजे, तुमच्यातल्या त्या." ते जरा संकोचले. "रागावू नका हं मॅडम. तुम्ही दाब देताना मधेच घड्याळाकडं बघता. त्या बघत नाहीत. हात ठेवला की ठेवला."

मी त्यांना निवडलेल्या क्षणांचं शास्त्र समजावून सांगितलं आणि त्यांनी मान डोलावली. त्या दिवशी घरी भाकरी थापताना मात्र मला बरं वाटेना. माझा चिडकेपणा, माझी घाई, माझे जांभया देण्याचे क्षण वगळून कुणीतरी एक बाई तयार केली होती, आणि ती एका माणसाला माझ्याहून जास्त आवडत होती. मी एकटी राहते. असल्या गोष्टी मला उगीच लागतात.

पंचेचाळीस दिवस झाल्यावर मी पट्टी परत घेतली. दुखणं एक. अहवाल झकास झाला असता.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या पत्नी, महानंदावहिनी, एकट्याच क्लिनिकमध्ये आल्या. ठेंगणी, ठाम बाई. बसल्या नाहीत.

"मॅडम, तुमचं माणूस आमच्याकडं ऱ्हायलंय," त्या म्हणाल्या. "घेऊन जावा."

मला आधी कळलंच नाही. मग त्या एकेक सांगू लागल्या. तारदाळे दारातून आत आले की क्षणभर अंग चोरून बाजूला होतात, मागून कुणी येणार असल्यासारखे. रिक्षात अर्धी जागा मोकळी सोडतात. पुण्याला लेकीच्या मुलीचं बारसं होतं. तयारी करून, बॅग भरून ऐनवेळी म्हणाले, त्यांना एवढा प्रवास झेपणार नाही.

"त्यांना म्हंजे कुणाला, इचारलं मी. तर गप."

"कंबर कशी आहे?"

"कंबर ब्येस हाय. माणूस न्हाई ब्येस. एकतीस वर्सं आमी सांजचा चहा संगट पितोय. आता बसत्यात माझ्यासमोर, पण पित्यात तिच्यासंगट. बोलायचं ऱ्हायलंय त्यांचं. बोलायची गरजच न्हाई म्हनं." त्या थांबल्या आणि आवाज खाली आला. "आणि मॅडम, परवापासनं कप मी तीन मांडायलीय. मांडून झाल्यावर कळतंय."

तशी त्या तिसऱ्या कपालाही आमच्या पुस्तकात जागा आहे. एकाला गुण आलेला बघून शेजारच्याचा मेंदूही ती तार ओढायला शिकतो. विश्वास बघूनसुद्धा लागतो. पण पुस्तकात ते चार ओळींचं आहे, आणि इथं समोर एक बाई उभी होती.

"ती गेली आणि दुखणं परत आलं तर?" मी विचारलं.

"येऊ द्या. पाच वर्सं मीच उठवून बसवलंय त्यांस्नी. मला माझा नवरा पायजे."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. तारदाळे पुढच्या सोप्यात लाकडी खुर्चीवर बसले होते; खुर्ची भिंतीपासून हातभर पुढे ओढलेली. मला बघून त्यांनी नमस्कार केला आणि त्याच क्षणी चेहरा आक्रसला. हात कंबरेवर गेला.

"किती?" मी विचारलं.

"सहा." त्यांना घाम फुटला होता. "मॅडम, जरा बाहेर थांबता का? तुम्ही आलात की त्या मागं सरतात."

बावीस वर्षांत मला कुणी असं बाहेर काढलं नव्हतं. मी व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. खिडकीतून दिसत होतं, त्यांचे खांदे हळूहळू खाली आले, श्वास लांबला, बोटं सैल झाली. असा सैल झालेला पेशंट बघायला मी आयुष्यभर धडपडले आहे. मला त्या बाईचा राग आला. हेवाही वाटला, हेही सांगून टाकते.

मी व्हरांड्यातूनच म्हटलं, "तारदाळे, पट्टी काढून दहा दिवस झाले. मागे कुणी नाही. ती फक्त मेंदूला लागलेली सवय आहे."

"पट्टी काढली म्हणून त्या कशा जातील?" ते आतून शांतपणे म्हणाले. गिऱ्हाइकाला समजवावं तसं. "तुम्हीच म्हणालात ना पाठराखीण? पाठराखीण काय आपण होऊन जात असते? तिला न्यायला माहेरचं कोण तरी यावं लागतं. ओटी भरून, साडी देऊन पाठवावं लागतं. तुमच्याकडनं कोण आलं न्यायला? त्या तरी कुठं जातील बिचाऱ्या?"

मी खिडकीचा गज धरून उभी राहिले. बाकी ठिकाणी पेशंटना मागे नुसतं कुणीतरी जाणवलं होतं आणि जोर कमी होताच विरून गेलं होतं. मी मात्र त्या कुणाला तरी नातं दिलं होतं. रीतभात दिली होती. ती बाई ते नातं पाळत होती, बस.

त्या संध्याकाळी कंपनीच्या इंजिनियरशी पडद्यावर बोलले. पोरसवदा माणूस, दिल्लीकडचा. त्यानं यंत्रातल्या सगळ्या नोंदी तपासल्या होत्या. त्या स्वच्छ होत्या. "पण मॅडम, हे पाठराखीण म्हणजे काय?" त्यानं विचारलं. मी समजावून सांगितलं. तो म्हणाला, "हे त्यांना कुणी सांगितलं?" मी नेट गेल्याचं निमित्त करून कॉल बंद केला.

मग मी महानंदावहिनींना फोन लावला आणि म्हटलं, "शुक्रवारी सकाळी येते. न्यायला."

स्वतःशी मात्र मी नीट शास्त्रीय भाषेत बोलत होते. सवय ज्या खुणेनं लागली त्याच खुणेनं ती मोडायची, हा उपचारच आहे. तरी त्या सकाळी मी अंघोळ करून काठाची साडी नेसले. माहेरचं माणूस म्हणून जायचं तर कुर्त्यावर कसं जायचं?

वहिनींनी सोप्यात पाट मांडला होता, भोवती रांगोळी होती. ताटात तांदूळ, नारळ, खण, हळदकुंकू. तारदाळे पाटाच्या बाजूला उभे. मी उंबऱ्याच्या आत आले तसे ते कळवळले, पण या खेपेला त्यांनी मला बाहेर जा म्हटलं नाही.

"बसा," ते आपल्या खांद्यावरून मागे बघत म्हणाले. मग त्यांची नजर पाटावर स्थिरावली, आणि मी व वहिनीही पाटाकडेच बघू लागलो.

साडी त्यांनी दुकानातून आणली होती. घडी हातावर घेतली आणि ते पाय रोवून, कंबरेतून वळून तो झटका देणार हे मला दिसलं. साडी हवेत उलगडली. डाळिंबी इरकल. त्यांनी तिचा पदर पाटाच्या वर, बसलेल्या बाईच्या खांद्याच्या उंचीवर धरला आणि डोकं जरा तिरकं करून बघितलं.

"यांना भडक रंग चालत नाही," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "हा शोभतो."

तो माझा आवडता रंग होता. मी हे त्यांना कधी सांगितलेलं नव्हतं, असं मला वाटतं. बारा बैठकींत काय काय बोलले ते सगळंच आठवत नाही.

वहिनी खाली बसल्या. त्यांनी हवेतच हळदकुंकू लावलं आणि ओटी भरली. तांदूळ पाटावर पडले, नारळ पाटावर ठेवला. "तुमी लई केलं," त्या म्हणाल्या. "पाच वर्सांत आमाला जमलं न्हाई ते केलं. आता आमचं आमी बघतो. सुखानं जावा." आणि रीतीप्रमाणे पाया पडायला वाकून त्यांनी पाटासमोरच्या फरशीला हात लावला. तो हात त्यांनी पटकन मागे घेतला नाही. काही वेळ तो तसाच राहिला, कुणीतरी धरल्यासारखा. मग त्या उठल्या आणि ओटीचं सामान साडीसकट एका पिशवीत भरून त्यांनी माझ्या हाती दिलं.

तारदाळे तोंडावर उपरणं घेऊन रडत होते. मी दुखणं विचारलं. "पाच," ते म्हणाले. मग पुष्कळ वेळानं, "चार." वहिनींनी त्यांच्या कंबरेमागे उशी सरकवली आणि तिथंच, त्यांच्या पायाशी बसल्या. मला कुणी थांबवलं नाही.

कोपऱ्यावर रिक्षा बोलावली. आपल्या त्या बिनड्रायव्हरच्या रिक्षा विचारतात तसं तिनं विचारलं, "किती जण?" मी म्हटलं, "दोघी." तोंडातून गेलं ते गेलंच. रिक्षानं दुसऱ्या बाजूचं दार उघडलं, थोडी थांबली आणि दार लावून घेतलं.

तारदाळे सुधारले. दुखणं तीनवर येऊन थांबलं. एवढं घेऊन माणूस संसार करू शकतो. बारसं चुकलं होतं, पण ते पुण्याला जाऊन नातीला खेळवून आले. सांजचा चहा दोघं पितात, आणि हल्ली ते इतकं बोलतात की वहिनींना ऐकून कंटाळा येतो. मी अहवाल पाठवला. रकान्यात काय लिहिलं ते सांगितलंच आहे.

माझंही बरं चाललं होतं. खरं तर फारच बरं. ज्या पेशंटना सहा-सहा महिने उतार नव्हता ते तिसऱ्या खेपेला हसत जाऊ लागले. सांगलीहून, मिरजेहून लोक यायला लागले. 'मगदूम मॅडम आता किती शांत झाल्यात' असं बाकावर बोलतात, हे माझ्या कानावर आलं. मी घाई करणं सोडलं नव्हतं. चिडतही होतेच. तरी लोकांना मी शांत वाटत होते, आणि बावीस वर्षांनी का होईना आपल्या हाताला यश आलं म्हणून मी सुखावले होते.

दिवाळीच्या आधी महानंदावहिनींच्या कंबरेत उसण भरली. पिठाचा डबा उचलताना. तारदाळ्यांनी त्यांना धरून क्लिनिकमध्ये आणलं आणि ते दुकानात गेले. मी वहिनींना टेबलावर पालथं झोपवलं. त्यांच्या डोक्याला आजवर कधीच पट्टी लागलेली नव्हती. मी मणक्याच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवले. स्नायू लाकडासारखा ताठ होता. पाच मिनिटं दाब दिला. सैल पडेना.

"बाई," टेबलाच्या तोंडासाठीच्या भोकातून, खालून त्यांचा आवाज आला. त्यांनी मला आजपर्यंत मॅडमच म्हटलं होतं. "तुमी हात काढा जरा."

"दुखलं का?"

"न्हाई. त्यांना करू द्या की. मगापासनं उभ्या हाइत. तुमचा हात मधी येतोय." मग समजूत घातल्यासारखं त्या म्हणाल्या, "त्यांचा हात मला ठाऊक हाय."

मी हात काढले. दोन्ही. एक पाऊल मागे सरले, मग आणखी एक. खोलीत पंख्याचा आवाज होता. माझ्या डोळ्यांदेखत, कुणीही हात न लावता वहिनींच्या कंबरेचा ताठ स्नायू हळूहळू उतरला, आधी डावीकडचा, मग उजवीकडचा. मी दाब देते त्याच क्रमानं.

"हां," वहिनी म्हणाल्या. "तितंच."

महिनाभर दारातून हसत गेलेल्या एकेका पेशंटचा चेहरा मला आठवू लागला. त्यांनी जाताना म्हटलेलं 'थँक्यू मॅडम' आठवलं, आणि ते म्हणताना त्यांची नजर माझ्या खांद्याच्या जरा मागे असायची, तेही. मला ओरडावंसं वाटलं, पण वहिनींना झोप लागत होती. बाहेर बाकावर नऊ जण होते, आणि त्या सगळ्यांना बरं व्हायचं होतं. भिंतीशी एक प्लास्टिकची खुर्ची आहे, पेशंटच्या नातेवाइकांसाठी ठेवलेली. मी तिच्यावर जाऊन बसले.